गाडीच्या टपावरची कयाक नीट बांधा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की गोव्यातल्या नद्यांवर पुन्हा कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, दिसू लागतात. चोडण-दिवाडीभोवतालची खारफुटी, नेरुलची नदी, साळच्या मुखाजवळचे बेतुल, काणकोणातली तळपण आणि गालजीबाग, सगळीकडे होड्या पाण्यात उतरतात. पाण्यावरच्या सुरक्षिततेबद्दल आता बरेच बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण ही होडी घरून किंवा गोदामातून नदीपर्यंत येते ती रस्त्याने, आणि त्या प्रवासाकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. तीन मीटर लांब, पंचवीस किलो वजनाची वस्तू कपडे वाळत घालायच्या दोरीने टपाला बांधून ताशी ८० किलोमीटरने नेणे हे लाइफ जॅकेट न घालता नदीत उतरण्याइतकेच धोक्याचे आहे. इथे जीव धोक्यात येतो तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा, ज्याचा या हौसेशी काही संबंध नसतो. गोव्याच्या रस्त्यांवर दुचाक्या किती आहेत हे आपण रोज पाहतो. म्हणून होडी बांधण्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत.

आधी वजनाचे पाहू. इथे भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या, वर बसून चालवायच्या असतात. एकट्याची साधारण ९ ते ११ फूट लांब आणि २० ते २८ किलो, दोघांची १२ ते १३ फूट आणि ३० ते ३८ किलो. गाडीचे टप किती भार पेलते हे मॉडेलनुसार बदलते आणि तो आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. छोट्या गाड्यांत तो ५० किलोच्या आसपासही असू शकतो. त्यात कॅरिअरचे, म्हणजे टपावर बसवायच्या आडव्या दांड्यांचे, वजनही धरायचे असते, हे बहुतेक जण विसरतात. टपाची मर्यादा ५० किलो आणि कॅरिअर ६ किलोचे असेल, तर दोघांची ३६ किलोची एक कयाक चालेल, पण २५ किलोच्या दोन चालणार नाहीत. वजन टपावर गेले की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी जास्त कलते. चोर्ला किंवा अनमोड घाटातून होडी नेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

टपावर दोन बाजूंना उभ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे त्या भार घेतात असे नाही. अनेक गाड्यांवर त्या केवळ शोभेच्या असतात आणि टपाला नीट बोल्टने धरलेल्या नसतात. पुस्तिकेत त्यांच्यासाठी भार दिलेला नसेल तर त्यांना कॅरिअर लावू नये. ज्या टपावर पट्ट्याच नाहीत तिथे दरवाजाच्या चौकटीत पकडणारे कॅरिअर मिळते. ते त्या मॉडेलसाठीच बनवलेले असावे, कारण पकडीचा आकार अर्धा सेंटिमीटर जरी चुकला तरी वाऱ्याने ती सुटू शकते. दोन आडव्या दांड्यांमध्ये निदान ७० सेंटिमीटर अंतर हवे. होडी लांब असेल तर तिच्या लांबीच्या एक तृतीयांशाइतके अंतर असल्यास उत्तम. दांड्या फार जवळ असल्या की होडी मधल्या भागावर डोलू लागते आणि तो डोल कितीही पट्टे आवळले तरी थांबत नाही.

कॅरिअरशिवाय, खाली चादर किंवा गादी घालून आणि दोरी खिडक्यांतून आरपार घेऊन होडी नेणारे पुष्कळ दिसतात. हा प्रकार बंद झाला पाहिजे. टपाचा पत्रा मध्यभागी दबतो, दोरी खिडकीच्या रबराला कापते आणि पावसात तिच्यावरून पाणी थेट आसनावर उतरते. सगळ्यात वाईट म्हणजे दोरी दारांतून गेली असेल, तर अपघात झाल्यावर दार उघडत नाही.

होडी उचलण्यापूर्वी ती रिकामी करावी. वल्ही, पाठीची आसने, पाण्याच्या बाटल्या, कोरड्या पिशव्या, सगळे गाडीच्या आत. आसनाची पाठ होडीवरच राहिली तर वाऱ्याने फडफडून तिचे हूक तुटतात. पोकळीत पाणी आहे का, हे होडी हलवून ऐकावे. बूच काढून होडी तिरकी करावी आणि सगळे पाणी जाऊ द्यावे. आत दहा लिटर राहिले म्हणजे दहा किलो वाढले, आणि हे वजन स्थिर नसते. ब्रेक लागला की ते सगळे पुढच्या टोकाकडे धावते. बूच एका छोट्या दोरीने होडीलाच बांधून ठेवावे, म्हणजे हरवत नाही.

उचलताना दोघे हवेत. गुडघ्यांत वाकून, होडी शरीराजवळ ठेवून उचलावी. कंबर वाकवून लांबून ओढली तर पाठ धरते. एकट्याला चढवायची असेल तर गाडीच्या मागच्या काचेवर रबरी चटई टाकावी, होडीचे पुढचे टोक मागच्या दांडीवर टेकवावे आणि मागे जाऊन ती पुढे सरकवावी. गाडीला मागे स्पॉयलर असेल तर हे करू नये, तो तडकतो. होडी कुशीवर उभी धरणारे, इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे पाळणे मिळतात. ते जागा वाचवतात, पण ३० किलोच्या वरची होडी एकट्याने त्यांत उचलून ठेवू नये. जांभ्याच्या पायऱ्यांवरून किंवा कोरड्या चिऱ्यावरून होडी ओढणे टाळावे. एका मोसमात तळाच्या मागच्या भागाला भोक पडण्याइतकी झीज होते.

टपावर होडी कशी ठेवावी याबद्दल मतभेद आहेत. वर बसायची पॉलिथिलीनची कयाक उलटी, म्हणजे तळ आकाशाकडे करून, सपाट फोमच्या ठोकळ्यांवर ठेवणे आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटते. तिची वरची बाजू ताठ असते, तळापेक्षा कमी दबते आणि पाऊस आला तर तिच्यात पाणी साचत नाही. आत बसायची कयाक सुलटी ठेवली आणि बसायच्या जागेवर झाकण नसले, तर जून-जुलैच्या सरीत ती वाटेतच भरते आणि टपावरचे वजन दुप्पट होऊ शकते. कॅनो, म्हणजे वरून पूर्ण उघडी होडी, असेल तर ती नेहमी उलटीच ठेवावी, काठ दांड्यांवर टेकवून. मात्र तिला दोन्ही बाजूंनी दांडीवर अडथळे हवेत, नाहीतर ती कडेला सरकते. कॅनोच्या पोकळीत पुढून वारा शिरतो, त्यामुळे पुढची दोरी तिला अनिवार्य समजावी.

आता मुख्य गोष्ट, पट्टे. २५ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४ मीटर लांब, कॅम बक्कल असलेले पट्टे वापरावेत. या बक्कलात दातेरी जीभ पट्टा दाबून धरते, आणि तो हाताने जेवढा खेचता येईल तेवढाच आवळला जातो. मालवाहू ट्रकवर वापरतात ते दांडी फिरवून आवळायचे रॅचेट पट्टे वापरू नयेत. रॅचेटची दांडी दोन-तीन वेळा जास्त फिरली की पॉलिथिलीन आत दबते आणि फायबरची होडी तर तडकते. हे लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी पाण्यात लक्षात येते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा हूक असलेल्या ताणाच्या रबरी दोऱ्या यांनी तर होडी बांधूच नये. रबर ताणले जाते म्हणूनच ते होडीला हलू देते, आणि प्रत्येक गचक्याला थोडे थोडे करत शेवटी हूक निसटतो.

पट्टा घालण्याची रीत अशी. बक्कलाचे टोक अलीकडे, होडीच्या बाजूला ठेवून पट्ट्याचे दुसरे टोक होडीवरून पलीकडे टाकावे. पलीकडे दांडीच्या खालून वळसा घालून ते परत होडीवरून अलीकडे आणावे. मग अलीकडच्या बाजूलाही दांडीखालून वळसा देऊन ते बक्कलात ओवावे. वळसा दांडीच्या आधारखांबाच्या आतल्या बाजूला घ्यावा, बाहेरच्या बाजूला घेतला तर पट्टा दांडीच्या टोकावरून घसरू शकतो. बक्कल होडीच्या बाजूला यावे, टपाच्या किंवा काचेच्या बाजूला नको, आणि त्याच्याखाली कापडाचा तुकडा असावा. पट्टा टाकताना त्याला एक-दोन पीळ द्यावेत. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि भोंग्यासारखा आवाज करतो. पिळाने तो थांबतो, शिवाय थरथरण्याने बक्कल सैल होण्याचा धोकाही कमी होतो. उरलेले टोक गाठ मारून बांधून टाकावे. फडकणारे टोक रंग ओरबाडते, आणि दारात अडकले तर दार पुरते बंद होत नाही.

पट्टा आवळला की काम संपले असे समजून लोक निघतात. पट्टे होडीला खाली दाबून धरतात. पुढे-मागे सरकण्यापासून ती थांबते ती केवळ घर्षणाने, आणि ओले प्लास्टिक ओल्या फोमवर किती घसरते ते बोटाने तपासता येते. जोराचा ब्रेक म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साधारण आठ-दशांश इतका वेग कमी होण्याचा झटका. त्या क्षणी २५ किलोची कयाक सुमारे २० किलोच्या जोराने, आणि दोघांची ३६ किलोची कयाक सुमारे २९ किलोच्या जोराने पुढे जायला पाहते. प्रत्यक्ष धडकेत हा जोर याच्या कितीतरी पट होतो. पट्ट्यांमधून सुटलेली होडी थेट पुढच्या वाहनावर किंवा चालणाऱ्या माणसावर जाते.

म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकाला दोऱ्या हव्यात, आणि त्या दोन्ही हव्यात. होडी गाडीपेक्षा आखूड असेल तर पुढची दोरी नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वर उचलू देत नाही आणि होडी मागे जाऊ देत नाही. मागची दोरी ब्रेकच्या वेळी तिला पुढे सरकू देत नाही. होडी गाडीपेक्षा लांब असली तर दोऱ्यांचा कल उलटतो, त्यामुळे कामेही उलटतात. दोन्ही परिस्थितींत एक दोरी पुरत नाही. शक्य असेल तिथे पुढे दोन दोऱ्या घ्याव्यात, डाव्या आणि उजव्या कोपऱ्याला, म्हणजे बाजूच्या वाऱ्यातही टोक वळत नाही.

दोरी कुठे बांधायची यात सर्वांत जास्त चुका होतात. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला बांधलेली दोरी म्हणजे न बांधलेलीच. अनेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये ओढण्याचा लोखंडी डोळा असतो. बंपरवरचे छोटे चौकोनी झाकण काढून तो आत आट्यांत बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, तेव्हा जबरदस्ती करू नये. पुढे दोन दोऱ्या हव्या असतील तर बॉनेटच्या आतल्या बोल्टला पट्ट्याचे घट्ट लूप लावून घ्यावेत आणि वापर नसताना ते आत दुमडून ठेवावेत. होडीच्या बाजूने दोरी टोकाजवळच्या मजबूत कडीला किंवा आरपार छिद्राला बांधावी. बाजूचे हात फक्त स्क्रूने लावलेले असतात, त्यांना नको. जिथे दोरी बॉनेटच्या कडेला घासते तिथे बागेच्या जुन्या पाइपचा वीतभर तुकडा तिच्यावर चढवावा.

दोरी ६ ते ८ मिलिमीटरची पॉलिएस्टरची घ्यावी, मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानात तसे सांगून मागावी. नायलॉन मजबूत आहे पण ताणले जाते, आणि भिजले की जास्तच. सकाळी ताठ बांधलेली दोरी पहिल्या सरीनंतर लोंबू लागते. स्वस्त पिवळी पॉलिप्रॉपिलीन दोरी उन्हात ठिसूळ होते आणि तिच्यावर गाठ टिकत नाही. गाठ मारताना दोरीच्या मध्यभागी एक छोटा फास करावा, टोक गाडीच्या कडीतून खाली नेऊन वर आणून त्या फासातून ओवावे, खाली खेचून ताण द्यावा आणि फासाजवळ दोन अर्ध्या गाठी माराव्यात. ट्रकवाले ताडपत्री अशीच ताणतात. ताण फक्त दोरी ताठ होण्याइतका असावा. जोर लावून नाळ खाली ओढली तर होडी मध्यभागी दांडीवर वाकते आणि पुढच्या पट्ट्याखाली खळगा पडतो. दोरीचे उरलेले टोक कधीही लोंबत ठेवू नये. ते चाकाखाली गेले तर चाकाभोवती गुंडाळले जाते आणि होडीला क्षणात खाली खेचते. टपावरच्या होड्या तुटण्याच्या कारणांत हे एक कारण असे आहे, जे फक्त दुर्लक्षामुळे घडते.

बांधून झाल्यावर होडीचे टोक धरून आडवे आणि उभे हलवावे. होडीबरोबर संपूर्ण गाडी हलली पाहिजे. होडी वेगळी हलली, किंवा दांडी सरकल्यासारखी वाटली, तर पुन्हा बांधावी. मग पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून पट्टे तपासावेत, कारण फोम दबतो, पट्टा बसतो आणि रंबलर व गतिरोधकांवरून गेल्याने ताण उतरतो. थांबायचे ते पेट्रोल पंपावर किंवा रुंद कडेला, पुलावर नव्हे.

पुलांबद्दल वेगळे सांगायला हवे. मांडवीवरचे पूल आणि जुवारीवरचा नवा पूल साधारण उत्तर-दक्षिण जातात, आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेकडचा असतो. म्हणजे तो होडीला बरोबर कुशीत लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ८० ने गेलात तर समोरच्या वाऱ्याचा भार जवळपास पावणेदोन पट होतो. फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी पूल ओलांडायचा असेल तर ताशी ५० ते ६० ही मर्यादा पाळावी. उभे पाळणे असतील तर आणखी कमी, कारण होडीची पूर्ण उंची वाऱ्याला मिळते. मोठी बस किंवा ट्रक बाजूने गेल्यावर जो धक्का बसतो त्याची अपेक्षा ठेवून स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे.

उंचीचाही विचार व्हावा. दीड मीटरची गाडी, दहा सेंटिमीटर दांडी आणि उभ्या पाळण्यातली होडी मिळून उंची सुमारे २.३ मीटर भरते. तळघरातल्या पार्किंगच्या २.१ मीटरवरच्या आडव्या दांड्याखालून ती जाणार नाही. गावातल्या अरुंद वाटांवर खाली लोंबणाऱ्या केबल आणि इंटरनेटच्या तारा तर सर्रास आहेत. होडीचे टोक तारेत अडकले तर तार तुटते, आणि तिच्यात वीज नसली तरी मागचा दुचाकीस्वार तिच्यात अडकू शकतो. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधांवरून आणि दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे असलेल्या रस्त्यांवरून वळताना मागचे टोक किती झुकते, ते एकदा रिकाम्या जागी करून पाहावे. उंची आणि लांबी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी, हे साधे काम फार उपयोगी पडते.

भाड्याने होड्या देणारे बहुतेक लोक पिकअप किंवा छोटा हत्ती वापरतात, त्यांना दोन शब्द. छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सव्वादोन मीटरचा असतो. तीन मीटरची कयाक सपाट ठेवली तर मागे जवळपास पाऊण मीटर बाहेर येते. चार मीटरची दोघांची कयाक तशी ठेवलीच जाऊ नये, तिचे वजन हौद्याच्या कडेबाहेर जायला लागते. तिची नाळ केबिनच्या वरच्या पट्टीवर टेकवून, मागचे टोक हौद्यात ठेवून, दोन्ही जागी पट्टे घालावेत. एकावर एक रचायच्या असतील तर चारपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीमध्ये फोम घालावा आणि वरून एकच पट्टा टाकण्याऐवजी दोन-दोन होड्या आधी एकमेकींना बांधाव्यात. एकाच पट्ट्याखाली असलेल्या गठ्ठ्यातली मधली होडी ब्रेकच्या वेळी पुढे निसटते. फाळका उघडा ठेवायचा असेल तर तो खाली सोडल्यावर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात का, ते मागे उभे राहून पाहावे. बाहेर आलेल्या टोकाला दिवसा लाल कापड आणि अंधारात लाल दिवा किंवा परावर्तक असलाच पाहिजे. ट्रेलर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याची नोंदणी लागते.

फेरीबोटीत चढताना अडचण वेगळी. ओहोटीला धक्क्याचा आणि फेरीच्या फळीचा कोन तीव्र होतो, आणि पिकअपची मागची बाजू खाली झुकते. बाहेर आलेले टोक तेव्हा धक्क्यावर आपटते. रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी फेरीने होड्या नेणाऱ्यांनी भरतीची वेळ पाहून निघावे, किंवा चढण्यापूर्वी होड्या पुढे सरकवून पुन्हा बांधाव्यात. फेरीत माणसे गाड्यांच्या अगदी जवळ उभी असतात, आणि पिकअपमधून बाहेर आलेले टोक बरोबर डोक्याच्या किंवा छातीच्या उंचीवर येते. त्याच्यापाशी आपल्या माणसाने उभे राहावे, फेरी लागेपर्यंत.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४(१ए) नुसार, गाडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मर्यादेपलीकडे जाणारा माल नेल्यास २० हजार रुपये दंड आणि तो माल उतरवण्याचा खर्च आकारता येतो. दोन कयाक टपावर शेजारी-शेजारी सपाट ठेवल्या तर दीड मीटरहून जास्त रुंदी होते, आणि छोट्या गाडीच्या टपावर त्या बाजूने बाहेर येण्याचीच शक्यता जास्त. त्यांना पाळणे हवेत, किंवा दुसरी गाडी.

ऊन आणि मीठ हे गोव्याचे दोन मोठे शत्रू. एप्रिलच्या दुपारी उभ्या गाडीच्या टपावर पॉलिथिलीन मऊ होते आणि आवळलेल्या पट्ट्याखाली खळगा पडतो. दिवसभर गाडी उभी राहणार असेल तर होडी उतरवून सावलीत ठेवावी. पट्टे अर्धवट सैल करून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो आम्हाला पटत नाही, कारण निघताना चालकाला होडी बांधलेलीच दिसते. खळगा पडलाच तर होडी तळ वर करून उन्हात ठेवावी, तो बहुतेक वेळा स्वतःच भरून येतो. नाहीतर त्यावर कढत पाणी ओतून आतून हळूच दाबावा.

मिठाने बक्कलातली स्प्रिंग गंजते आणि वाळू तिच्या दातांत बसते. मग बक्कल बंद झाल्यासारखे वाटते पण पट्टा हळूहळू सरकत राहतो. प्रत्येक फेरीनंतर पट्टे गोड्या पाण्यात धुवावेत, सावलीत वाळवावेत, आणि दांड्यांचे बोल्ट महिन्यातून एकदा पाहावेत. पट्ट्याचा रंग फिका पडला, कडेचे धागे सुटले किंवा बक्कलाखाली तो कडक झाला, तर तो फेकून नवा घ्यावा. एका पट्ट्याची किंमत होडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

भाड्याच्या गाडीने येणाऱ्या पर्यटकांना टपावर काही बांधायची परवानगी बहुधा नसते आणि त्या गाड्यांवर कॅरिअरही नसते. त्यांनी फुगवायची कयाक आणावी, ती डिकीत मावते. नाहीतर धक्क्यावरच होडी देणाऱ्याकडून घ्यावी.

आमच्या मागण्या दोन. जलक्रीडेचे परवाने देताना आणि तपासताना जॅकेट व होड्यांबरोबर होड्या वाहून नेण्याचे साहित्यही पाहिले जावे: कॅरिअर त्या गाडीचे आहे का, पट्टे सुस्थितीत आहेत का, टोकांच्या दोऱ्या आहेत का, लाल कापड-दिवा आहे का. दुसरी मागणी पंचायतींकडे आणि फेरी चालवणाऱ्यांकडे. जिथे होड्या उतरवल्या-चढवल्या जातात त्या धक्क्यांवर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आखून द्यावी. आज होडी फेरीच्या रांगेतच, मागच्याचा भोंगा ऐकत घाईघाईने बांधली जाते, आणि नीट बांधलेल्या होडीला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे मिळतील एवढी जागा द्या.

आपले,
कयाक चालवणारे व वाहून नेणारे काही जण,
तिसवाडी व बार्देश